सुतिनीची मुलगी

सँडल

माझ्या उजव्या पायातली सँडल गळून पडली आणि मला ते कळलंच नाही.

दुबईत, देऱ्यातल्या एका शिपिंग ऑफिसात मी नुकतीच नोकरीला लागले होते. फॅक्सचा कागद घेऊन साहेबांच्या केबिनपर्यंत गेले, परत आले, आणि समोरच्या टेबलावरच्या हैदराबादी बाई हळूच म्हणाल्या, "केतकी, तुम्हारा एक सँडल उधर पड़ा है." सगळ्यांच्या माना वळल्या. पाय बधिर झालाय याची भीती वाटायला हवी होती. ती तेव्हा वाटली नाही. एक पाय अनवाणी ठेवून मी साहेबांसमोर उभी होते, एवढंच डोक्यात राहिलं आणि मी लाजेने अर्धमेली झाले.

पायाला मुंग्या त्याआधीपासूनच येत होत्या. मी घरात बोलले नव्हते. घरात मी तशीही कमीच बोलायची. शाळा इंग्लिश मीडियमची, मैत्रिणी मल्याळी आणि गुजराती, मराठी आईकडून आलेलं. त्यामुळे एखादी गोष्ट कुठल्या भाषेत सांगावी हे ठरवता ठरवता ती सांगायची राहून जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या स्टुलावरून मला उठता आलं नाही. आईला आधी वाटलं अशक्तपणा, म्हणून तिने लिंबूसरबत केलं. ते पिऊनही मी तिथेच. मग बाबा आणि माझा धाकटा भाऊ निखिल यांनी मला डायनिंगच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट लिफ्टमध्ये घातलं. लिफ्टच्या आरशात मला आम्ही तिघं दिसलो. नवीन फर्निचर नेत असल्यासारखे.

हातोडी

डॉक्टर सुदानी होते, उंच आणि शांत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. काही झालं नाही. परत मारली. मला त्यांचंच वाईट वाटलं, म्हणून मी आपणहून पाय उडवायचा प्रयत्न केला. तरी तो उडाला नाही. तेव्हा मात्र भीती वाटली.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. जीबीएस. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, एवढं मला कळलं, आणि तुम्हीही एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. बरेच लोक यातून बरे होतात. पण आधी तो वाढतो. "किती वाढेल?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी हातातली हातोडी माझ्या गुडघ्यापासून हवेतच वर वर नेली आणि गळ्यापाशी थांबवली. तोंडाने म्हणाले, "इन्शाल्ला, इतका नाही."

आईला इंग्रजी समजतं, पण त्या दिवशी ती निखिलला पुन्हा पुन्हा विचारत होती, काय म्हणाले. निखिल प्रत्येक वेळी म्हणाला, "शी विल बी फाइन, आई." असं डॉक्टर एकदाही म्हणाले नव्हते.

वॉर्ड

बायकांच्या वॉर्डमध्ये मला खिडकीपासून लांबचा पलंग मिळाला. सकाळी अंग पुसणं, मग गोळ्या, मग दर काही वेळाने एका नळीत फुंकर. श्वासाचा जोर मोजायची ती नळी होती. काटा खाली येत गेला तशी मल्याळी सिस्टर माझ्याकडे बघायचं टाळू लागली. "फूंको, मोळे," म्हणायची. मोळे म्हणजे मुली. तिच्या त्या एका शब्दासाठी मी छाती फुटेपर्यंत फुंकायचे.

ज्याला हे वाचून उपयोग होईल त्याच्यासाठी लिहिते: सगळ्यात वाईट काय होतं, तर नाकाला खाज येणं. वेदना लोकांना सांगता येते. नाक खाजवून द्या हे सांगायला मला दोन दिवस लागले, आणि तोवर हात पूर्ण गेले होते.

शेजारच्या पलंगावर उम्म अल कुवैनहून आणलेली एक म्हातारी अरब बाई होती. सगळे तिला हज्जा म्हणत. बाबांचा फरसाणचा कारखाना उम्म अल कुवैनच्याच इंडस्ट्रियल एरियात, तेवढ्या ओळखीवर हज्जाचा मुलगा बाबांशी हात मिळवून बोलायचा. हज्जाची काळजी घ्यायला तिची इंडोनेशियन कामवाली रात्रंदिवस तिथेच असायची. त्या घरात तिला मरियम म्हणत, कारण खरं नाव त्यांना जमेना. मला तिने खरं नाव सांगितलं. सुतिनी.

नाकाची खाज पहिल्यांदा ओळखली ती सुतिनीने. मी नाक मुरडत होते. ती हज्जाचे पाय चेपता चेपता उठली, येऊन बोटाने नाक खाजवलं, परत जाऊन पाय चेपू लागली.

छतावरचं गाव

तिची भाषा म्हणजे स्वयंपाकघरात शिकलेलं अरबी आणि सिनेमे बघून आलेलं हिंदी. माझं अरबी शाळेतल्या सक्तीच्या तासाचं. दोघींचं मिळून काम चालायचं. पण खरी मैत्री तिची आईशी झाली, आणि ती साबुदाण्यावरून. चतुर्थीला आई डब्यात खिचडी घेऊन आली होती. सुतिनीने दाणा बोटांत चिरडून बघितला, वास घेतला, आणि तिचे डोळे मोठे झाले. हा ज्या कंदापासून होतो तोच कंद तिच्या गावात लोक रोज खातात. काप करून छपरावर वाळत घालतात, कुटतात, उकडतात. आईला हे खरं वाटेना. रोज उपास करणारं गाव, म्हणाली.

ते गाव जावा बेटावर होतं, पण समुद्रापासून दूर आत, चुनखडीच्या डोंगरांत. सुतिनीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून, इकडे येताना. गावापर्यंत रस्ता नव्हता. त्यांचा आठवडा पाच दिवसांचा, आणि त्यातल्या एका ठरावीक दिवशी डोंगराखालच्या बाजाराला ट्रक यायचा. तो चुकला की पुन्हा पाच दिवस थांबायचं. भात पाऊस बरा झाला तरच. नाहीतर कंद आणि मका.

तिच्या घरची माणसं लिहीत नसत, कॅसेट भरून पाठवत. सुतिनी तिचा छोटा टेपरेकॉर्डर माझ्या उशीशी ठेवायची. मान वळत नसल्यामुळे मला छताखेरीज काही दिसायचं नाही, म्हणून मी ते गाव छतावर मांडलं. छताला चौकोनी पांढऱ्या फरश्या होत्या. एका फरशीवर कोंबडे, एकीवर लाकडी लांबट उखळ, ज्यात चार-पाच बायका मिळून मुसळांनी कांडतात आणि त्याचा ताल धरला जातो. एकीवर खोकणारा कुणीतरी काका. दोन घरं मी समोरासमोर ठेवली होती, मध्ये कंदाचं शेत.

एका घरात सुतिनीची म्बोक राहायची. म्बोक म्हणजे आई. दुसऱ्या घरात कोण, असं मी विचारलं, तर म्हणाली, पलीकडची. जिने जन्म दिला ती.

मला वाटलं माझं अरबी चुकतंय. नव्हतं चुकत. सुतिनी तान्ही असताना सारखी आजारी पडायची. तेव्हा त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे आईने तिला शेताच्या कडेला उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारणीने खराट्याने झाडल्यासारखं करून तिला उचललं. आजार येतो तो त्या आईचं मूल शोधत. मूल तिचं राहिलंच नाही, की तो दारावरून पुढे जातो. मूल धडधाकट झालं, स्वतःच्या पायांनी चालू लागलं, की आईने ओंजळभर तांदूळ देऊन ते परत घ्यायचं. तोवर "माझं" म्हणायचं नाही.

सुतिनी चालायला लागली त्या वर्षी पाऊस झाला नाही. तांदूळ नव्हते. पुढच्या वर्षी पलीकडचीला दुसरं मूल झालं. मग राहिलंच. कोणी भांडलं नाही. म्बोकने तिला वाढवलं.

"आता बोलता का तुम्ही?" मी विचारलं.

"हो. झऱ्यावर भेटते ना. पाण्याबद्दल बोलतो."

हे सगळं आईने ऐकलं आणि तिच्या हातातला चमचा थांबला. तिच्या मोठ्या मामाचं नाव केरबा. आधीची दोन भावंडं गेल्यावर त्यालाही केरात ठेवून शेजारणीकडून उचलून घेतलं होतं, म्हणून केरबा. मी हे नाव लहानपणापासून ऐकत आले होते. त्यात केर आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

माझी नाही

दुसऱ्या आठवड्यात आजार चेहऱ्यावर आला. डावा डोळा मिटेना. पाणी पिताना ओठांतून ओघळायचं. बोलणं असं झालं की निखिल म्हणायचा, "से इट अगेन, ताई," आणि तिसऱ्यांदा न कळल्यावर कळल्यासारखी मान हलवायचा. फुंकरीचा काटा आणखी खाली आला आणि डॉक्टर बाबांना बाहेर घेऊन गेले. श्वासाचं मशीन तयार ठेवलंय, लागेलच असं नाही, असं बाबांनी आत येऊन सांगितलं. त्यांचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. वॉर्डमध्ये एसी इतका होता की बाकीचे शाली घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कारखान्यात होते. आई आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. हिराचा झाडू. आमच्या बाल्कनीतला. सुतिनीकडे बघून तिने नुसती मान हलवली. त्यांचं आधीच बोलणं झालं असणार.

मला उचलून खाली ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आईने पलंगाखालची कचऱ्याची बादली ओढून माझ्या पायांशी लावली. सुतिनीने झाडू घेतला आणि पलंगाच्या कडेने, चादरीवरून, माझ्या तळपायांवरून तीन वेळा फिरवला. हीर टोचतात हे मला माहीत होतं. मला ते टोचले नाहीत.

मग तिने तिच्या भाषेत विचारलं, "इकी आनाके सोपो?" आणि लगेच हिंदीत, "ये किसका बच्चा है?"

आई पलंगापासून दोन पावलं मागे सरकली. "माझी नाही," म्हणाली.

मान वळत नव्हती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. मी छताकडे बघत होते. मी ओरडले असते, पण तोंडातून नुसती लाळ आली. ही माझी आई. बी.ए. झालेली, मराठी मंडळाच्या वाचनालयाची पुस्तकं सांभाळणारी, आमची दृष्टसुद्धा न काढणारी. ती म्हणाली माझी नाही, आणि तिचा आवाज जराही कापला नाही.

"तो मेरी," सुतिनी म्हणाली. तिने माझी लाळ पुसली.

सिस्टरने पडद्याच्या फटीतून हे सगळं पाहिलं असावं. ती आत आली, झाडू उचलला आणि म्हणाली, इन्फेक्शन कंट्रोलवाले बघतील. पण तिने तो कचऱ्यात टाकला नाही. आईच्या पिशवीत परत ठेवला.

बाबा

बाबांना संध्याकाळी कळलं. बाबा चिडले की आवाज चढवत नाहीत, हळू करतात. हे हॉस्पिटल आहे, उकिरडा नाही, असं म्हणाले. पोरगी ऐकतेय, तिच्या मनावर काय होईल याचा विचार केलास का, असंही. निखिल म्हणाला, "शी इज नॉट अ पार्सल, आई," आणि वॉर्डबाहेर जाऊन बसला.

पण आईने जे धरलं ते धरलं. माझे केस विंचरायची, मला भरवायची, पाठीला तेल लावायची, पण "बाळा" म्हणणं बंद. "माझी" तर नाहीच. फोनवर मावशीला सांगायची, "ती बरी आहे." बाबा कँटीनमध्ये जेवू लागले. दोघं माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून माझ्यावरून एकमेकांना औषधाच्या वेळा सांगायची.

आजारी माणसाच्या घरच्यांनी हे वाचलं तर त्यांना सांगावंसं वाटतं: आम्हाला सगळं ऐकू येतं. भांडायचं तर भांडा. न बोलणं पलंगावरून जास्त ऐकू येतं.

सुतिनी मात्र तिची बाजू नेमाने निभावत होती. हज्जाचं आवरलं की माझ्याकडे. ओठ हलावेत म्हणून मला स्पीचची बाई अक्षरं म्हणायला लावायची. ते मला लहान मुलासारखं वाटायचं. सुतिनीने तिचा एक शब्द दिला. परत घ्यायच्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारतात, आणि त्या वेळी आईने जो शब्द म्हणायचा तो. आनाक्कु. माझं मूल. "तुझी आई मराठीत म्हणेल. तू आत्ता नुसतं तोंड हलव," असं तिचं म्हणणं. मी दिवसभर छताकडे बघत आनाक्कु आनाक्कु करायचे. आधी नुसतं "आआउ" व्हायचं. मग एक दिवस मधला "क्क" आला. सुतिनीने हज्जाला उठवून ऐकवला. हज्जा म्हणाली, "माशाल्ला," आणि पुन्हा झोपली.

काटा थांबला. काही दिवस तिथेच राहिला. मग वर सरकला. मशीन लागलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की औषधाचा परिणाम आहे, आणि हा आजार मुळातच असा चढतो, थांबतो, उतरतो. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तुम्हीही डॉक्टरांवरच ठेवा. आईचा कशावर आहे ते मी तिला कधी विचारलं नाही.

चादर

पहिल्यांदा पायाचा अंगठा हलला तेव्हा बाबा रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

मग व्यायामाच्या हॉलमध्ये रोज न्यायला लागले. दोन दांड्यांमध्ये उभं करायचे. उभं राहिलं की जमीन फार खाली वाटायची. एका सकाळी मी तिथे पहिलं पाऊल टाकलं. वाकडं, घसटत, पण माझं. मला वॉर्डमध्ये जाऊन सुतिनीला सांगायचं होतं. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला मी आपणहून "यल्ला, यल्ला", चला लवकर, म्हणाले. अनोळखी माणसाशी मी आपणहून बोलले.

शेजारच्या पलंगावर नवी चादर होती. चारी कोपरे ताणून खोचलेले. हज्जा सकाळीच वारली होती. तिच्या घरचे येऊन सगळं घेऊन गेले, सुतिनीलाही. तिची चटई पलंगाखाली नव्हती. माझ्या उशीवर तिने कॅसेट ठेवली होती, उखळाच्या तालाची, मला आवडायची ती.

आई दुपारी आली. पलंग बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता?"

उंबरा

मी वॉकर घेऊन घरी आले तेव्हा आई दारात ओंजळीत तांदूळ घेऊन उभी होती. आमच्या फ्लॅटच्या दाराला संगमरवराची एक पट्टी आहे, तोच आमचा उंबरा. मी बाहेर, ती आत. मी स्वतःच्या पायांवर आले होते. पण ते तांदूळ घेणारं आणि प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. शेवटी आईने तांदूळ डब्यात टाकून मला आत यायला वाट दिली.

बाबा म्हणाले, झालं ना आता, खलास. तांदूळ बरदुबईच्या मंदिरात ठेवून ये. आई म्हणाली, ज्याचं त्यालाच द्यावं लागतं.

मला वाटलं होतं की घरी आल्यावर हे सगळं आपोआप विरून जाईल. गेलं नाही. महिने गेले. मी वॉकर सोडून काठीवर आले, ऑफिसात अर्धा दिवस जाऊ लागले, हैदराबादी बाईंनी माझ्यासाठी मागून पट्टा असलेल्या सपाट चपला आणून ठेवल्या होत्या. आईने सगळं केलं. पण कोणी विचारलं, ही तुमची मुलगी ना, तर आई हसायची आणि "केतकी" म्हणायची. हो म्हणायची नाही. एकदा लिफ्टमध्ये एका बाईने विचारलं, तेव्हा निखिल वैतागून म्हणाला, "शी इज फ्रॉम इंडोनेशिया." आम्ही तिघंही हसलो, आणि आईचं हसू मध्येच थांबलं.

मला सुतिनीची पलीकडची आठवायची. एका वर्षी तांदूळ नव्हते, मग राहिलंच. झऱ्यावर भेटतात, पाण्याबद्दल बोलतात. असंही होऊ शकतं, आणि ते कोणाच्या वाईटपणामुळे होत नाही, याचीच मला भीती वाटायची. पाय गेले तेव्हाइतकी. काही बाबतीत जास्त. पाय परत येतील असं निदान डॉक्टरांनी तरी सांगितलं होतं.

शेवटी बाबाच उम्म अल कुवैनला हज्जाच्या मुलाच्या घरी गेले. आम्हाला न सांगता, कारखान्यातून परस्पर. आधी त्यांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बसून गहवा म्हणजे अरबी कॉफी घेतली, हज्जाबद्दल दुःख व्यक्त केलं, मग विषय काढला. कसा काढला असेल याची मला अजून कल्पना करवत नाही. आपली मुलगी परत घ्यायची आहे, हे बाबा कोणत्या भाषेत म्हणाले असतील? सुतिनीचा व्हिसा हज्जाची काळजी घेण्यासाठी होता, तो संपला, ती परत गावी गेली होती. पण त्या घरची स्वयंपाकीण तिच्याच डोंगरातली होती आणि सुट्टीवर जायची होती.

"कॅसेट भर," बाबा घरी येऊन आईला म्हणाले. एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्या दिवशी ती दोघं एका टेबलावर जेवली.

आईने हिंदीत भरली. तीन वेळा पुसून चौथ्यांदा. "सुतिनी, लड़की चल रही है. चावल रखा है. मैं क्या करूँ?"

कॅसेट

उत्तर यायला फार दिवस लागले. स्वयंपाकीण सुट्टीवरून परतली आणि हज्जाच्या मुलाचा ड्रायव्हर ते पाकीट कारखान्यात देऊन गेला.

आम्ही आधी टेबलाभोवती बसून सुरुवातीचं ऐकलं. कोंबडे. उखळ नव्हतं, त्या दिवशी कुणी कांडत नसावं. सुतिनीचा आवाज घाईत असल्यासारखा. तिने सांगितलं की तिने म्बोकला विचारलं, म्बोक म्हणाली असं लांबून कधी केलेलं नाही, पण मूलही कधी एवढ्या लांबून उचललेलं नाही. तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर उभे राहा. मुलीला बाहेर उभं करा. हा टेप चालू ठेवा. मी प्रश्न विचारीन आणि थांबीन. तुम्ही उत्तर द्या. बघायला पुष्कळ माणसं जमली आहेत, म्हणाली. खराटा म्बोकच्या हातात आहे. पलीकडचीपण आली आहे, अंगणाच्या टोकाला उभी आहे.

निखिलने टेप थांबवला. कोणी काही ठरवलं नाही, पण सगळे उठले. त्याने प्लेअर चपलांच्या रॅकवर ठेवला. मी काठी घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. आईने डब्यातून तांदूळ काढले. बाबा तिच्या मागे उभे राहिले, हाताची घडी घालून, आणि मग ती सोडली.

निखिलने बटण दाबलं.

"इकी आनाके सोपो?" सुतिनीने विचारलं.

मग ती थांबली. टेपची खरखर. वारा. लांब कुठेतरी कोंबडी. त्या शांततेत मी ते गाव जेवढं ऐकलं तेवढं आधीच्या कुठल्याच कॅसेटमध्ये ऐकलं नव्हतं. आईने तोंड उघडलं.

तेवढ्यात टेपमधून आवाज आला. सुतिनीचा नाही. म्हातारा, माइकपासून लांब, बसका.

"आनाक्कु."

आई तशीच उभी राहिली. टेपमध्ये काहीतरी जमिनीवर पडलं, खराट्यासारखं. मग कोणीतरी बटण दाबल्याचा खट् आवाज, आणि पुढे नुसती कोरी फीत फिरत राहिली.

"कोण होतं ते?" आईने विचारलं. "काय म्हणाली?"

हा शब्द त्या घरात फक्त मला येत होता. छताकडे बघत मी तो इतक्यांदा म्हटला होता की माझं तोंड त्यावरच परत आलं होतं. मी सांगितलं. पलीकडची होती. माझं मूल, असं म्हणाली.

आई दारातच खाली बसली. तांदूळ सांडू न देता. बाबांनी भिंतीला हात टेकला. पॅसेजमध्ये माझे पाय थरथरू लागले होते, पण आत कसं जायचं? अजून कोणी मला घेतलं नव्हतं.

"रिवाइंड?" निखिल म्हणाला, आणि मग मराठीत, जे तो कधी बोलत नसे, "आई, परत लावू का?"

"लाव," आई म्हणाली आणि उठली.

पुन्हा प्रश्न. पुन्हा खरखर, वारा. या वेळी आई त्या म्हातारीसाठी थांबली नाही आणि तिच्या आधीही बोलली नाही. कधी यायचा आहे ते आता तिला माहीत होतं. दोघींचे आवाज एकदमच आले, एक टेपमधून आणि एक दारातून, आणि मला दोन्ही नीट ऐकू आले.

"माझी," आई म्हणाली.

मी उंबरा ओलांडला. आईने माझ्या गालाला हात लावला, जो डोळा उशिरा मिटतो त्या बाजूला. मग ती वळून आत गेली. तांदळाच्या ओंजळीचे तिने ओट्यावर दोन ढीग केले. एक ढीग सुतिनीचा, तिचा हक्काचा. दुसरा तिने प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत भरला आणि पिशवीला गाठ मारून बाबांच्या हातात दिली.

"ही निराळी पाठवा," म्हणाली. "त्या बाईला. तेव्हा तिच्याकडे तांदूळ नव्हते."